कापसाच्या जिल्ह्यातून ऐकलेले रॉकचे वर्ष

२०२४ ची दिवाळी ते २०२५ ची दिवाळी या काळात कोल्डप्ले, ग्रीन डे आणि गन्स अँड रोझेस ही जागतिक रॉक संगीतातील तीन मोठी नावे महाराष्ट्रात येऊन गायली, आणि याच काळात चित्रपटसृष्टीचा आधार न घेता तयार झालेली मराठी गाणी देशाच्या सर्व भागांत वाजू लागली. या दोन घटनांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो, कारण पहिली महानगरातील श्रोत्याची मानली जाते आणि दुसरी लग्नाच्या वरातीतील. यवतमाळसारख्या जिल्ह्यातून या वर्षाकडे पाहिले असता मात्र दोन्ही घटना एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: गाणे कोण तयार करतो, त्यावर मालकी कोणाची राहते आणि ज्या मातीत ते उगवले तेथपर्यंत त्याचे फळ पोहोचते का? प्रस्तुत लेखात वर्षाचा आढावा याच प्रश्नाच्या अनुषंगाने घेतला आहे.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रॉक म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि ग्रामीण गोऱ्यांच्या कंट्री या लोकगायनाच्या प्रकारांतून वाढलेले, विजेवर चालणारी गिटार, बास आणि ड्रम यांवर उभे असलेले समूहसंगीत होय. इंडी ही संज्ञा मुळात संगीताच्या शैलीची नसून व्यवहाराची आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या भांडवलाविना, स्वतःच्या किंवा मित्रपरिवाराच्या पैशांतून काढलेल्या संगीताला हे नाव मिळाले. मँचेस्टरच्या बझकॉक्स या गटाने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारीच्या पैशांतून चार गाण्यांची एक तबकडी स्वतःच काढली, आणि कंपनीच्या दारात उभे न राहताही गाणे लोकांपर्यंत नेता येते हे त्यातून सिद्ध झाले. ब्रिटनमधील इंडी चळवळीचा आरंभ बहुधा या तबकडीपासून मानला जातो. पुढे इंडी म्हणजे विशिष्ट प्रकारची हळवी गिटार आणि शहरी तरुणाचे एकाकीपण असा संकुचित अर्थ रूढ झाला, परंतु येथे मूळचा व्यावहारिक अर्थच अभिप्रेत आहे.

वर्षातील सर्वांत गाजलेला प्रसंग कोल्डप्लेचा. लंडनमध्ये स्थापन झालेला हा गट १९ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईत एकदा गायला होता. या वेळी १८, १९ व २१ जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आणि २५ व २६ जानेवारीला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये त्याचे कार्यक्रम झाले. अहमदाबादेत एका रात्री लाखाहून अधिक श्रोते होते. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवण्यात आल्याने यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या श्रोत्यालाही तो घरबसल्या पाहता आला, आणि जिल्ह्यातील बहुसंख्य चाहत्यांसाठी कोल्डप्ले त्या रात्री आला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. प्रत्यक्ष हजेरीची किंमत वेगळी होती. तिकिटे साधारणतः अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होती, सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू होताच ती संपली, काळ्या बाजारातील दर त्याच्या कितीतरी पट झाले आणि प्रकरण पोलीस चौकशीपर्यंत गेले.

या दराचे माप यवतमाळमध्ये कापसाने घ्यावे लागते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे सर्वांत महागड्या तिकिटासाठी साडेचार क्विंटलांहून अधिक कापूस विकावा लागला असता, आणि कोरडवाहू शेतात एका एकरात निघणारे पीक पुष्कळदा एवढेच असते. कार्यक्रमाचे दिवसही नेमके कापूस घरातून बाजारात जाण्याचे होते. मुंबईचे अंतर साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास, शकुंतला ही यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंद मापाची रेल्वे बंद, मोठ्या गाडीसाठी धामणगाव किंवा वर्धा गाठणे भाग, अशी प्रवासाची स्थिती आहे. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्गही जिल्ह्याच्या उत्तरेकडून, वर्धा–अमरावती–वाशीम असा निघून जातो. ही तक्रार रॉक संगीताविरुद्ध नाही. एवढ्या मोठ्या ध्वनियोजनेचा कार्यक्रम स्वस्तात होऊ शकत नाही हे मान्य करावेच लागते. मात्र ज्या संगीताची मुळे कापसाच्या शेतात आहेत ते कापूस पिकवणाऱ्याच्या आवाक्याबाहेर जावे, या गोष्टीची नोंद वर्षाच्या आढाव्यात झालीच पाहिजे.

कापसाचे हे नाते अलंकारिक नाही, ऐतिहासिक आहे. रॉकचा पाया असलेला ब्लूज मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील कापूस मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांमध्ये वाढला. त्याच अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाची निर्यात रोखली, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या प्रदेशात कापसाचा पेरा आणि व्यापार झपाट्याने वाढला. यवतमाळचा पूर्वावतार असलेला वणी जिल्हा १८६४ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, अस्तित्वात आला, आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. मिसिसिपीचे खोरे आणि वऱ्हाड हे एकाच बाजाराने एकमेकांना बांधले गेलेले दोन मुलूख आहेत. दोन्हीकडे गाणी होती. फरक पडला तो पुढे काय झाले यात. १९४१ मध्ये अमेरिकन काँग्रेस ग्रंथालय आणि फिस्क विद्यापीठ यांच्या वतीने ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे संशोधक ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन स्टोवॉल मळ्यावर गेले आणि तेथील एका तरुण मजुराचे गाणे त्यांनी टिपले. हा तरुण म्हणजे मडी वॉटर्स. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकून त्याला आपण गायक आहोत याची खात्री पटली, १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, विजेची गिटार हाती घेतली, आणि त्याच्या एका गाण्यावरून लंडनच्या रोलिंग स्टोन्सने आपले नाव घेतले. सरकारी ग्रंथालयाने पाठवलेले एक यंत्र मळ्यापर्यंत पोहोचले, त्याचा हा परिणाम आहे. यवतमाळच्या शेतांपर्यंत असे यंत्र कोणी आणले नाही.

कष्टकऱ्यांच्या जगाशी रॉकचे असलेले नाते याच वर्षी आणखी एका घटनेने ठळक केले. ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथ या गटाने आपल्या मूळ गावी, बर्मिंगहॅममध्ये, निरोपाचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला त्याचा गायक ऑझी ऑस्बर्न याचे निधन झाले. हेवी मेटल, म्हणजे जाड, खोल आणि कर्कश गिटारध्वनीवर उभा असलेला रॉकचा उपप्रकार, या गटापासून सुरू झाला असे मानतात, आणि त्या ध्वनीमागे एक कारखाना आहे. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच होता, म्हणून त्याने बोटांना कृत्रिम टोपणे बसवली आणि दुखू नये यासाठी तारा सैल केल्या, व त्या सैल तारांचा खालचा, जड स्वर पुढे एका संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख बनला. ऑझीच्या निधनानंतर जगभरातील चाहत्यांनी दाखवलेली आत्मीयता ही केवळ एका विक्षिप्त गायकाविषयीची नव्हती. कामगार वस्तीतील चार मुलांनी आपल्या परिसराचा आवाज जगाला ऐकवला याविषयीची ती कृतज्ञता होती.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ८ व ९ मार्चला झालेल्या लोलापलूझा महोत्सवात ग्रीन डे हा अमेरिकन पंक गट प्रथमच भारतात गायला आणि १७ मे रोजी त्याच मैदानावर २०१२ नंतर पहिल्यांदा गन्स अँड रोझेसचे पुनरागमन झाले. हे दोन्ही प्रसंग मोठे असले तरी संगीताच्या दृष्टीने ते मुख्यतः जुन्या गाण्यांच्या स्मरणाचे होते. वर्षातील खरी नवी भारतीय रॉकरचना दिल्लीहून आली. ब्लडीवूड या मेटल गटाचा ‘नू देल्ही’ हा संग्रह २१ मार्चला प्रसिद्ध झाला. त्यात विजेच्या गिटारीबरोबर ढोल आणि बासरी आहे, भाषा हिंदी, पंजाबी व इंग्रजी अशी मिसळलेली आहे, आणि परदेशी श्रोता तो भारतीय म्हणूनच ऐकतो. हा गट २०१६ मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांची विडंबने इंटरनेटवर टाकत सुरू झाला होता. त्याचा प्रवास सांगतो की अनुकरणातून बाहेर पडण्याचा मार्ग स्वतःच्या वाद्यांकडून जातो. इंडियन ओशन या गटाने २००० च्या ‘कंदिसा’ संग्रहात नर्मदाकाठचे लोकगीत घेतले तेव्हा हाच मार्ग दाखवला होता, आणि त्या गटाचा राहुल राम हा नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला होता. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा गट संतांच्या अभंगांना गिटार व ड्रमची साथ देतो, तोही याच परंपरेतला.

भारतीय रॉक ही केवळ महानगरांची निर्मिती आहे हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. या संगीताला वाहिलेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक १९९३ मध्ये मुंबईत वा बंगळुरात सुरू झाले नाही, तर अलाहाबादेत झाले. अमित सैगल यांनी तेथून ते देशभरच्या महाविद्यालयांत पोहोचवले आणि दूरदूरच्या गटांना एकमेकांची ओळख करून दिली. ज्या शहरात रॉकचे मैदान नव्हते त्याच शहरातून त्याचे व्यासपीठ उभे राहिले. यवतमाळमध्ये वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यांची वार्षिक स्नेहसंमेलने होतात. अशा एखाद्या संस्थेतून जिल्ह्याच्या संगीताचे छोटेसे नियतकालिक निघणे ही अशक्य अपेक्षा नव्हे.

मराठी इंडीच्या अंगाने पाहता २०२४ आणि २०२५ ही वर्षे निर्णायक ठरली आहेत. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे गाणे २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले, आणि नृत्यगृहांसाठी तयार होणाऱ्या हाऊस या संगणकीय ठेक्याच्या संगीतात मराठी बोल जगभर वाजले. परंतु यवतमाळच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव संजू राठोड याचे आहे. जळगाव जिल्ह्यातील धानवड येथील बंजारा कुटुंबातला हा तरुण स्वतः लिहितो, स्वतः गातो, आणि जी-स्पार्क या संगीतकाराच्या साथीने २०२४ मध्ये त्याने ‘गुलाबी साडी’ व एप्रिल २०२५ मध्ये ‘शेकी’ ही गाणी आणली. कोट्यवधी वेळा ती पाहिली गेली, मराठी न समजणाऱ्यांनीही त्यांवर पावले टाकली. या गाण्यांचे शब्द साधे आहेत आणि समीक्षकांनी त्यांकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. तरीही तांड्यातील मुलाचे गाणे चित्रपट, वाहिनी किंवा घराणे यांपैकी कोणाचाही हात न धरता देशभर ऐकले जावे, ही घटना बझकॉक्सच्या तबकडीइतकीच मूलगामी आहे.

तिचे मोल समजण्यासाठी तांड्याच्या संगीताकडे पाहावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागांत, बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद १९६३ ते १९७५ असे सलग सांभाळणारे वसंतराव नाईक याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे. बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहून नेणारा हा समाज रेल्वेने व्यापार हिरावल्यावर आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच सुरू झाल्यावर स्थिरावला, पण त्याची गोरबोली टिकली. या बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये लिहिली जाते, त्यामुळे एका राज्यातील पुस्तक दुसऱ्या राज्यातील तांड्याला वाचता येत नाही. गाणे मात्र ऐकता येते. होळीला डफड्यावर सामूहिकपणे गायली जाणारी लेंगी, संत सेवालाल महाराजांची भजने, लग्नातील गीते ही सारी पूर्वी कॅसेटवरून आणि आता मोबाइलवरून तीन-चार राज्यांत फिरतात, आणि अनंतपूर जिल्ह्यातील तांड्यातून आलेली मंगली ही तेलुगू गायिका पुसदच्या तांड्यातही आपली वाटते. लिपीने तोडलेला समाज ध्वनीने जोडला जातो, याचे एवढे स्पष्ट उदाहरण भारतात क्वचितच सापडेल, आणि हे सारे कोणत्याही मोठ्या कंपनीविना घडते.

यवतमाळला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजले आणि तेरा दालने असलेल्या या संस्थेचे नावच एका तालवाद्यावरून आहे. तेथे लेंगीचे ध्वनिसंग्रहालयही वाढावे, गायकांची नावे व गावे त्यात नोंदली जावीत, ही अपेक्षा रास्त आहे, कारण पोशाख आणि दागिने काचेआड राहू शकतात, चाल राहू शकत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, पैनगंगेपलीकडील तेलंगणात मारलवाई येथे पद्मश्री कनक राजू यांचे निधन झाले. राजगोंडांच्या दंडारी उत्सवातील गुस्साडी हे मोरपिसांचे मुकुट घालून केले जाणारे नृत्य त्यांनी शेकडो तरुणांना शिकवले होते, आणि दंडारीचा हंगाम म्हणजे दिवाळीच. ऐन हंगामाच्या तोंडावर गुरू गेला. नदीच्या अलीकडे केळापूर, झरी-जामणी, घाटंजी येथील गोंड, परधान व कोलाम वस्त्यांतही दिवाळीच्या दिवसांत ढोल वाजतात. परधान हे गोंडांचे परंपरागत गाथागायक, किंगरी या तंतुवाद्यावर वंशकथा गाणारे. कोलामांची कोलामी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा असून शासनाने या जमातीची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. स्टेडियममधील गाण्यांवर वर्षभर हजारो शब्द लिहिले गेले. किंगरी वाजवणारे किती हात जिल्ह्यात उरले आहेत याची मोजणीही झालेली नाही.

इंडीचा व्यावहारिक अर्थ मान्य केला तर विदर्भातील सर्वांत समर्थ इंडी परंपरा भीमगीतांची आहे, हे निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. १९५६ च्या धर्मांतरानंतर वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींनी गावोगाव फिरून, मिळेल त्या मानधनावर, समाजाच्या वर्गणीतून उभ्या झालेल्या मंचावर जे गाणे रुजवले, त्याला ना आकाशवाणीचा मोठा आधार होता ना कंपनीचा. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच, प्राण सोडला. याच परंपरेची आजची शाखा म्हणजे अमरावतीचे रॅप होय. रॅप म्हणजे ठेक्यावर लयबद्ध पाठ केलेली, यमकांनी बांधलेली कविता. सौरभ अभ्यंकर आणि विपिन तातड या अमरावतीच्या तरुणांनी तीत वऱ्हाडी मातीचा लहेजा आणि आंबेडकरी जाणीव आणली. मुंबईच्या स्वदेशी गटाने २०१९ मध्ये आरेच्या आदिवासी पाड्यातील प्रकाश भोईर यांच्यासह वारली जीवनावर गाणे केले, तोही याच जातीचा प्रयत्न. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या यवतमाळच्या विद्यार्थ्याला हा आवाज दूरचा नाही, आणि पुढील काही वर्षांत जिल्ह्यातील सर्वाधिक जिवंत लेखन वहीऐवजी रॅपच्या ठेक्यावर होण्याचा संभव आहे.

प्रत्यक्ष वादनाची सवय जिल्ह्यात नाही असेही नाही. नागपुरात धुमाळ या नावाने ओळखली जाणारी, वाहनावर ध्वनिक्षेपक बांधून ढोल-ताशांना कीबोर्डची जोड देणारी पथके आणि विदर्भभर मिरवणुकीत वाजणारे संदल हे तरुण वादकांचे खरेखुरे विद्युत समूहसंगीत आहे. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध असून त्या नऊ दिवसांत कित्येक वादकांची वर्षाची बेगमी होते. पण त्यांना वाजवायला जागा एकच, रस्ता, आणि रस्त्यावर ध्वनिप्रदूषण नियम २००० लागू होतात, ज्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास बंदी असते आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. नियम आवश्यकच आहेत. रुग्ण आणि वृद्ध यांना होणारा त्रास खरा आहे. उपाय वादकांना गप्प करणे हा नसून, ध्वनिरोधक भिंती असलेले, भाडे परवडणारे एक मध्यम सभागृह जिल्ह्यात उभारणे हा आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवले आहे; मोठा कार्यक्रम पेलण्याची ताकद येथे आहे.

उरतो मालकीचा प्रश्न. आज गाणे तयार करण्यास एक संगणक, एक मायक्रोफोन आणि शांत खोली पुरते, व वितरक संस्थेमार्फत ते सर्व मंचांवर जाते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीवरील, म्हणजे गाण्याच्या प्रत्येक व्यावसायिक वापरामागे मिळणाऱ्या मोबदल्यावरील, हक्क सुरक्षित केला, आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था तो गोळा करून सभासदांना देते. जिल्ह्यातील गाणे लिहिणाऱ्या, चाल बांधणाऱ्या प्रत्येकाने या संस्थेत नोंदणी करून घ्यावी आणि कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. पारंपरिक चालींचे मात्र तसे नाही: कायद्याच्या लेखी लेंगीला किंवा दंडारीच्या गाण्याला मालक नाही, तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्या मुद्रणाचा हक्क आहे. म्हणून ही मुद्रणे गावानेच प्रथम करणे हिताचे ठरते. गी पोइटव्हिन आणि हेमा राईरकर या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या आणि गावांच्या नावांसह. पद्धत तयार आहे, ती वऱ्हाडात आणायची आहे.

ज्या वाचकांच्या घरी लेंगीच्या, भीमगीतांच्या, दंडारीच्या किंवा जुन्या ऑर्केस्ट्राच्या कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या फेकून देऊ नयेत. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी झिजते. शहरातील एखाद्या स्टुडिओत त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, गाणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष सोबत लिहावे, आणि एक प्रत गायकाच्या कुटुंबाला, एक जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला व एक आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्राला द्यावी. हे काम येत्या सुटीतच सुरू करावे.